आईचे पाऊल आणि मावशीची बोटे: गाऊटमध्ये एक्स-रे कसा वाचावा

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याला राहणाऱ्या आपल्या आईचे वय ६३ असून त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचे उजवे पाऊल सुजले, अंगठ्याच्या मुळापासून पावलाच्या मध्यापर्यंत लाली आणि ऊब आली, मात्र दुखणे त्या मानाने बेताचेच राहिले. चौथ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात ‘हाडांत लक्षणीय दोष नाही’ असे लिहून आले आणि युरिक ॲसिड ५.४ निघाले, तेव्हा गाऊट (युरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याचा आजार) नाही, पाय मुरगळला असेल, असे घरच्यांनी धरून चालले. डिचोलीच्या मावशी ६६ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह नाही, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. त्यांच्या बोटांच्या टोकांकडील सांध्यांवर गाठी आल्या असून एका गाठीतून मध्यंतरी खडूच्या भुकटीसारखा पांढरा पदार्थ बाहेर आला. त्यांचे युरिक ॲसिड ८.६ आहे आणि हातांच्या एक्स-रेवर ‘वयोमानानुसार झीज, गाऊटची शक्यता’ असा शेरा आहे. दोघींच्या अहवालांवरून काय समजायचे आणि एक्स-रे पुन्हा काढण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारता.

सविस्तर सांगण्याआधी आईविषयी एक गोष्ट सांगते, कारण ती थांबण्यासारखी नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या बाईचे पाऊल गरम आणि सुजलेले असेल व त्या मानाने दुखत नसेल, तर ते मुरगळल्याचे समजून घरी बसू नये. त्या पायावर भार देणे आजच थांबवावे आणि मधुमेही पावलांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना शक्य तितक्या लवकर, ताप किंवा जखम असेल तर त्याच दिवशी, दाखवावे. याचे कारण पुढे येईलच.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गोव्यात २५ वर्षांहून अधिक काळ हाडांच्या आणि सांध्यांच्या फिल्म वाचत आले आहे, आणि या काळात माझी एक समजूत पक्की झाली आहे. गाऊटच्या संशयाने आलेल्या दोन बायकांच्या फिल्म माझ्यासमोर असतील आणि त्यांतील एकीला मधुमेह असेल, तर त्या दोन फिल्मना मी एकच प्रश्न विचारू शकत नाही. मधुमेह नसलेल्या बाईच्या फिल्मला मी विचारते की ही वयाची झीज आहे, की त्या झिजेच्या आड गाऊट लपला आहे. मधुमेही बाईच्या फिल्मला मात्र आधी विचारावे लागते की हा जंतुसंसर्ग आहे का, बधिर झालेल्या पावलाची हाडे आतल्या आत मोडत आहेत का, आणि मग गाऊट. आपल्या घरातील दोन्ही अहवालांत हा फरक कोठेच दिसत नाही, कारण बहुधा तपासणीच्या चिठ्ठीवर मधुमेहाचा उल्लेखच नसावा. ‘उजवे पाऊल, सूज’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी माझ्याकडे आठवड्यातून कितीतरी वेळा येते.

आता एक्स-रेत गाऊटचे काय दिसते ते पाहू. गाऊट म्हणजे मोनोसोडियम युरेटचे सुईसारखे स्फटिक सांध्यात आणि त्याच्या आसपास साचणे. रक्तातील युरिक ॲसिड डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते विरघळलेले राहू शकत नाही, स्फटिक बनू लागतात आणि वर्षानुवर्षे साचत राहतात. हे स्फटिक साध्या एक्स-रेत स्वतंत्रपणे दिसत नाहीत. युरेटची गाठ मोठी झाली तर मऊ भागात थोडी दाट सावली दिसते, आणि मूत्रपिंडे कमजोर असलेल्या रुग्णांत त्या गाठीत कॅल्शियम जमल्यास ती अधिक ठळक होते, इतकेच. आम्ही शोधतो ती त्या साठ्याने हाडावर केलेली खूण. सांध्याच्या कडेला, कधी सांध्यापासून थोडी दूर, पंचाने पाडल्यासारखी गोल किंवा लंबगोल खाच असते, तिची कड पांढरी, घट्ट झालेली असते आणि हाडाचा पातळ पदर त्या खाचेवर वळचणीसारखा पुढे आलेला असतो. सांध्यातील फट पुष्कळ काळ शाबूत राहते आणि सांध्याभोवतीचे हाड विरळ होत नाही, म्हणून हे चित्र आमवाताच्या म्हणजे ऱ्हुमॅटॉइडच्या चित्राहून वेगळे ओळखता येते.

ही खूण उमटायला वेळ लागतो. पहिल्या झटक्यानंतर हाडात अशी खाच दिसायला साधारणपणे ६ ते १२ वर्षे लागतात. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या झटक्यात काढलेला एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छच येतो, आणि त्यात मऊ भागाची सूज सोडून काही नसते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाऊट असलेल्यांपैकी साध्या एक्स-रेने सुमारे ३१ टक्केच पकडले गेले, मात्र जिथे एक्स-रेने गाऊटची ठराविक खूण दाखवली तिथे ती बहुतेक खरी निघाली. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, गाऊट नाही’ हे वाक्य मी माझ्या अहवालात कधीही लिहीत नाही. हाडाला जुनी इजा झालेली दिसत नाही, एवढेच मी प्रामाणिकपणे सांगू शकते. आजची सूज कशाची आहे, याचे उत्तर सांध्यातील पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मिळते.

बायकांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मूत्रपिंडांतून युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करते, त्यामुळे पाळी चालू असेपर्यंत बायकांना गाऊट क्वचितच होतो. पाळी थांबेपर्यंत स्त्रीला गाऊट होत नाही, हे निरीक्षण हिपोक्रॅटिसच्या नावाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. पाळी गेल्यानंतर हे संरक्षण जाते, आणि त्याच वयात रक्तदाब, मूत्रपिंडांची कमजोरी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या या गोष्टी जोडीला येतात. पुरुषांत अंगठ्याच्या मुळाचा सांधा मध्यरात्री पेटतो, हे चित्र सर्वांना माहीत असते. बायकांत मात्र आजार पुष्कळदा गुडघा, घोटा आणि हातांची बोटे यांत एकदम किंवा हळूहळू उतरतो. आपल्याकडे गाऊट म्हटले की फेणी पिणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो आणि साठीच्या बाईची बोटे सुजली की घरात ‘वाताने धरले’ म्हणून तेल चोळले जाते. अशा कितीतरी बायकांचे निदान काही वर्षे लांबलेले मी पाहिले आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हा आजार औषधाने आटोक्यात राहणारा आहे.

तर आपल्या मावशींची फिल्म. नखाजवळच्या पेरांच्या सांध्यांवर साठीनंतर बायकांना हाडाच्या गाठी येतात, त्यांना हेबर्डनच्या गाठी म्हणतात, आणि त्या झिजेच्या असतात. आधीच झिजलेल्या सांध्यात युरेट साचायला आवडते असे म्हटले तरी चालेल, कारण लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर बायकांत याच गाठींवर युरेटचे थर चढलेले आढळतात. फिल्मवर दोन्ही एकमेकांत मिसळलेले असते. अशा वेळी मी खाच कोठे आहे ते पाहते. झिजेचा जोरदार प्रकार असेल तर खाच सांध्याच्या पृष्ठभागाच्या मध्यभागी पडते आणि कडांना हाड वाढून उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखांसारखा आकार येतो. गाऊटची खाच एका बाजूला, कडेला किंवा सांध्याबाहेर असते आणि तिच्यालगत मऊ भागात एकाच अंगाला आलेला फुगवटा दिसतो. पेराच्या दोन्ही बाजूंना सारखा उंचवटा असेल तर मी झिजेकडे झुकते.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिचा फटका बायकांना बसतो असे माझे मत आहे. गाऊटच्या वर्गीकरणासाठी अमेरिकन आणि युरोपीय सांधेरोग संघटनांनी २०१५ साली मिळून गुणांची जी पद्धत ठरवली, तीत ८ गुण झाले की गाऊट धरतात आणि हात किंवा पायांच्या एक्स-रेत एक जरी ठराविक खाच दिसली तरी ४ गुण मिळतात. मात्र नखाजवळच्या पेरांच्या सांध्यांतील खाच त्यात मोजत नाहीत, कारण तिथे झिजेमुळे गोंधळ होतो. ही सावधगिरी संशोधनासाठी योग्यच आहे. परंतु ज्या सांध्यात वयस्कर बायकांचा गाऊट घर करतो, नेमका तोच सांधा हिशेबाबाहेर राहतो. याउलट गाऊटने झालेली हाडांची हानी मोजण्यासाठी २००७ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी जी पद्धत तपासून मांडली, तीत त्यांनी हाच सांधा मुद्दाम समाविष्ट केला. म्हणून मावशींच्या अहवालातील ‘गाऊटची शक्यता’ हे शब्द मला कमकुवत वाटत नाहीत. वाचणाऱ्याने हात राखून लिहिले आहे आणि ते बरोबर आहे.

मावशींच्या बाबतीत एक्स-रेवर वाद घालण्याची गरजच नाही. त्या गाठीतून पुन्हा पांढरा पदार्थ आला तर तो पुसून टाकू नये. घरी ती गाठ दाबू किंवा फोडू नये, डॉक्टरांकडेच तो काचपट्टीवर घ्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. त्यात युरेटचे स्फटिक सापडले की गुण मोजण्याचे कारण उरत नाही, निदान तिथेच पक्के होते. एक्स-रे मी तरीही आणखी एक सांगेन, तो दोन्ही पावलांचा. त्यांची पावले दुखत नसली तरी करंगळीच्या मुळाशी, लांब हाडाच्या डोक्याच्या बाहेरच्या कडेला, गाऊटची मुकी खाच पुष्कळदा सापडते. अंगठ्याच्या मुळाशी वाचताना मात्र सांभाळावे लागते. वर्षानुवर्षे अरुंद चपला घातल्याने अनेक बायकांचा अंगठा बाहेर वळलेला असतो आणि त्या सांध्याच्या आतल्या बाजूला हाडात पोकळी झालेली असते. ती पोकळी गाऊटची खाच म्हणून वाचली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्या पोकळीवर हाडाचा पुढे आलेला पदर नसतो आणि जवळ गाठीची सावलीही नसते. पाळी गेल्यानंतरच्या सर्वसाधारण ठिसूळपणामुळे हाडाच्या घनतेची खूणही या वयात फारशी कामाची राहत नाही, हेही वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

लघवीची गोळी मनाने बंद करू नये. ती बदलता येईल का, हे रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारावे. त्याबरोबर मावशींच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणीही करून घ्यावी, कारण गाऊट असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका वाढलेला असतो आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत ही वाढ पुरुषांपेक्षा बायकांत अधिक दिसली. सख्ख्या बहिणीला मधुमेह असताना ही चाचणी पुढे ढकलण्याचे काही कारण नाही. देशभरातील मधुमेहाच्या ज्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, तीत २६.४ टक्के प्रमाणासह गोवा सर्वांत वर होता. आपल्या राज्यात साठीच्या बाईच्या पावलाची फिल्म वाचताना मधुमेह आहे की नाही हे न विचारणे मला तरी परवडत नाही.

आता आईंचे पाऊल. त्यांचे युरिक ॲसिड ५.४ आले म्हणून गाऊट नाही, हा निष्कर्ष दोन कारणांनी डळमळीत आहे. ऐन झटक्यात युरिक ॲसिड खाली उतरलेले असू शकते, म्हणून ते सूज ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. दुसरे कारण खास मधुमेहाचे आहे. साखर फार वाढून लघवीवाटे जाऊ लागली की तिच्याबरोबर युरिक ॲसिडही अधिक बाहेर पडते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तरीही युरिक ॲसिड कमी होते, आणि ते रुग्णाच्या हिताचेच आहे. शरीर इन्सुलिनला दाद देत नसेल तेव्हा मात्र मूत्रपिंडे युरिक ॲसिड धरून ठेवतात. एकाच आजारात हे दोन्ही ओढे उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे मधुमेही बाईच्या रक्तातील एका आकड्यावर मी विसंबत नाही.

त्यांच्या फिल्मकडे मी कसे पाहीन ते सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांच्या मधे रक्तवाहिन्यांच्या भिंती रेल्वेच्या रुळांसारख्या पांढऱ्या दिसतात का, हे मी सर्वांत आधी पाहते. चिठ्ठीवर मधुमेह लिहिलेला नसला तरी ही खूण पुष्कळदा तो सांगून जाते. त्यानंतर बोटांच्या बेचक्यांपासून हाडापर्यंतचा मऊ भाग पाहते, तिथे हवेचे काळे ठिपके आहेत का, हाडाची बाहेरची रेषा कोठे पुसट झाली आहे का. गोव्याच्या पावसाळ्यात पाय सतत ओले राहून चिखल्या होतात, आणि बधिर पावलाच्या बाईला त्या कळतही नाहीत. जंतू आत शिरायला तेवढी वाट पुरते. हाडात जंतुसंसर्ग झाला असेल तर त्या हाडाची कड धूसर, कुरतडल्यासारखी होते, तिला गाऊटच्या खाचेसारखी घट्ट पांढरी किनार नसते, आणि बदल आठवड्यांच्या हिशेबाने पुढे सरकतो, वर्षांच्या नाही. मात्र हाडातील खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय एक्स-रेत काही दिसत नाही, आणि त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. आपल्या आईची फिल्म चौथ्या दिवशीची आहे. त्या दिवशी तिने काही दाखवले नाही यात नवल नाही, आणि म्हणूनच आता, तीन आठवड्यांनी, ती पुन्हा काढणे आवश्यक आहे.

तिसरी शक्यता शार्को पावलाची. मधुमेहाने नसा बधिर झाल्यावर पावलाच्या मध्यावरील सांधे किरकोळ इजेनेही ढिले होतात, हाडे मोडतात, सरकतात, आणि दुखण्याचा इशारा मिळत नसल्याने बाई चालत राहते. सुरुवातीचे काही आठवडे फिल्म स्वच्छ असते आणि पाऊल फक्त गरम आणि सुजलेले असते. दुसऱ्या पावलापेक्षा ते दोन अंश सेल्सियसने अधिक गरम असेल तर संशय बळावतो. आपण सांगितलेली सूज अंगठ्यापुरती न राहता पावलाच्या मध्यापर्यंत गेली आहे आणि दुखणे बेताचे आहे, म्हणून मला ही भीती सर्वांत आधी वाटली. पुढची फिल्म आडवे झोपवून तिरकी काढून भागणार नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर क्षणभर उभे करून बाजूने काढलेली फिल्म हवी, कारण भार पडल्यावरच पावलाची कमान खचली आहे की नाही ते कळते. एवढे करूनही फिल्म स्वच्छ आली आणि पाऊल गरमच राहिले, तर पुढची पायरी एमआरआय.

या दोन्ही गोष्टींच्या धाकाने गाऊट विसरला जाऊ नये, हेही तितकेच खरे. उमेदवारीच्या काळात मी एका मधुमेही बाईंच्या फिल्ममध्ये अंगठ्याच्या मुळाचे हाड खाल्लेले पाहिले आणि हाडाचा जंतुसंसर्ग असे लिहून दिले. अंगठा काढण्याची तयारी झाली होती. शल्यचिकित्सकांनी आधी सुई घातली तेव्हा पुवाऐवजी खडूसारखा लगदा आला आणि त्यात युरेटचे स्फटिक निघाले. मी नंतर ती फिल्म पुन्हा पाहिली तेव्हा खाचेची पांढरी किनार तिथे होती, मी ती पाहिली नव्हती, कारण मधुमेह हा शब्द वाचून माझे डोळे आधीच ठरवून बसले होते. त्या बाईंचा अंगठा वाचला. पुढे अनेकदा माझ्या असेही पाहण्यात आले की एकाच पावलात गाऊटची गाठ फुटून त्या जागी जंतुसंसर्ग झालेला असतो, म्हणून स्फटिक सापडले तरी त्या पाण्याचे कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का हे पाहणारी चाचणी, करायला सांगण्याचे मी कधी सोडत नाही.

एक्स-रेच्या किरणांची भीती आपण व्यक्त केली आहे. हाताच्या किंवा पावलाच्या एका फिल्मला सुमारे ०.००१ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग लागतो, म्हणजे निसर्गातून आपल्याला काही तासांत मिळतो तितकाच. भीती बाळगावी अशी ती गोष्ट नाही. मात्र गाऊटसाठी दर दोन-तीन महिन्यांनी फिल्म काढणेही व्यर्थ आहे, कारण हाडातील खाच इतक्या लवकर बदलत नाही. उपचार लागू पडतो आहे का, हे युरिक ॲसिडवरून पाहावे. ते कायम ६ च्या खाली, आणि मावशींसारख्या गाठी असतील तर शक्यतो ५ च्या खाली, ठेवण्याचा प्रयत्न असतो. फिल्म दीड-दोन वर्षांनी पुरे. लवकर कळायला हवे असेल तर सोनोग्राफीत कुर्चेवर युरेटची चमकदार रेघ दिसते, आणि हाडाला इजा होण्याआधीही ती सापडू शकते.

औषधांबद्दल मी फार बोलणार नाही, ते आपल्या डॉक्टरांचे काम आहे. परंतु आईंच्या मूत्रपिंडांची तपासणी झाल्याशिवाय दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, आणि सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड दिले गेले तर साखर वाढेल हे घरात माहीत असावे. शिणाणे, तिसऱ्या असे शिंपले आणि तारले मासे यांवर गाऊटच्या रुग्णांना आवर घालावा लागतो. पण आईंचे निदान होण्याआधीच त्यांचे जेवण तोडू नये.

आईंच्या चिठ्ठीवर ‘१४ वर्षे मधुमेह, गरम पाऊल, दुखणे कमी, चौथ्या दिवशीची फिल्म स्वच्छ’ हे शब्द लिहून घ्या आणि चौथ्या दिवशीची फिल्म सोबत न्या. त्या २०१९ साली पडल्या होत्या आणि तेव्हाही याच पावलाची फिल्म काढली होती, असे आपण लिहिले आहे. ती घरात शोधा, सीडीवर असली तरी चालेल. तिन्ही फिल्म शेजारी लावल्यावर नव्या फिल्ममध्ये हाडात खाच दिसलीच तर ती २०१९ मध्येच होती का, की आता तीन आठवड्यांत उमटली, हे मला किंवा माझ्या जागी जो कोणी बसला असेल त्याला लगेच सांगता येईल.